समारोपाचा तुकडा

चष्मेवाल्याच्या घरी कुत्रा येऊन तेरा दिवस झाले होते आणि त्याला अजून नाव नव्हतं. बायकोनं एक सुचवलं होतं, मुलीनं वहीत अठ्ठावीस लिहून काढली होती. पण चष्मेवाल्यानं पहिल्याच दिवशी दारात उभं राहून जाहीर केलं होतं, "हा पाहुणा आहे. पाहुण्याला नावं ठेवायची नसतात." स्वतःचा हा विनोद त्याला एवढा आवडला, की दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं तो ऐकवला, आणि बघता बघता कुत्र्याला 'पाहुणा' याच नावाची सवय झाली. हाक मारली की तो येत नसे, पण कान हलवत असे. एक कान उभा, दुसरा पडलेला, अंगाचा रंग चहा सांडलेल्या चादरीचा. वय निवाऱ्यातल्या बाईंच्या मते दोन वर्षं, चष्मेवाल्याच्या मते चपला खाण्याइतकं.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून तो चौदा दिवसांच्या बोलीवर आला होता. ठेवायचा की परत द्यायचा, ते आज संध्याकाळी आठच्या आत फोन करून कळवायचं होतं. नाही म्हटलं, तर उद्या सकाळी दुसरं एक कुटुंब त्याला घेऊन जायला टपलेलंच होतं. मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती, ती उद्या दुपारी परतणार होती. बायको दवाखान्यात नर्स. तिची आज दुपारपासून ड्यूटी.

"फोन तुम्हीच करायचा," बायको बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण पोरगी उद्या घरात शिरली आणि पाहुणा कुठंय म्हणाली, की उत्तरही तुम्हीच द्यायचं. मी स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा येणार नाही."

"मी आधीपासून नाहीच म्हणतोय."

"तुम्ही कशाला हो म्हणालात आजवर? लग्नालासुद्धा आधी नाहीच म्हणाला होतात."

हे खरं होतं, त्यामुळे त्यानं विषय बदलला आणि कुत्र्याच्या खोड्या मोजायला घेतल्या. चष्म्याच्या तीन काड्या चावून टाकल्या. सोफ्याचा कोपरा उसवला. आणि ती गालात वस्तू लपवायची खोड! मागच्या आठवड्यात मुलीचं खोडरबर सगळं घर पालथं घातलं तरी सापडेना, आणि हे महाशय ते गालात धरून चार तास साळसूदपणे फिरत होते. संध्याकाळी आपणहून चष्मेवाल्याच्या पायावर आणून ठेवलं, ओलंचिंब. मुलगी आनंदानं ओरडली होती, "बाबा, त्यानं तुम्हाला दिलं!" चष्मेवाला म्हणाला होता, "माझा मोजा धुवायला टाक."

खरं सांगायचं तर चष्मेवाल्याचं आज कुत्र्यात लक्षच नव्हतं. आज गुरुवार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तुकडेजोड मंडळ भरायचं. मोठी, शहाणीसुरती, पोराबाळांची पाच माणसं एका टेबलाभोवती बसून पुठ्ठ्याचे तुकडे जोडून चित्र तयार करायची. चित्र काय आहे ते खोक्यावर छापलेलं असतंच. तरी ते पुन्हा तयार करायचं. त्याला छंद म्हणतात. या वेळचं चित्र तीन हजार तुकड्यांचं होतं: खाली एक तळं, तळ्यात एक होडी, आणि बाकी सगळं आकाश. पाच महिने ही मंडळी ते आकाश जोडत होती, आणि आज ते पुरं व्हायचं होतं.

आता इथं मंडळाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. चित्रातला अखेरचा तुकडा जो बसवेल, त्याचा त्या चित्रासोबत फोटो काढून जिन्यातल्या भिंतीवर लावायचा. या तुकड्याला मंडळात 'समारोपाचा तुकडा' म्हणत. भिंतीवर आजवर सात फोटो होते आणि सातही अध्यक्षांचे होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. "योगायोग," ते दर वेळी म्हणायचे आणि विनयानं मान खाली घालायचे. गेल्या वर्षी चष्मेवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की हा योगायोग अध्यक्षांच्या रुमालातून बाहेर येतो. त्यांनी एक तुकडा आधीच काढून ठेवलेला असायचा. सगळे शोधून शोधून थकले, की सर नाक पुसायला रुमाल काढायचे आणि अरे, हा काय इथंच, म्हणायचे.

चष्मेवाला कुणाला काही बोलला नाही. अकरा वर्षं तो मंडळात होता, अकरा वर्षं त्यानं आकाशं जोडली होती, आणि जिन्यातनं वर जाताना प्रत्येक पायरीवर मुख्याध्यापक त्याच्याकडे बघून हसत होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं आकाशाचा एक तुकडा अलगद उचलला आणि स्वतःच्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली सरकवून दिला. चोरी म्हणावी, तर तो तिला न्याय म्हणत होता. चोरी करणारी बरीच माणसं म्हणतात.

दुपारी दुकानात कुत्रा काउंटरच्या खाली झोपला. एक बाई फ्रेम बघायला आल्या. बावीस फ्रेमा नाकावर चढवून उतरवल्या आणि शेवटी कुत्र्याकडे बघून म्हणाल्या, "यातली मला कुठली शोभते रे?" कुत्र्यानं जांभई दिली. बाईंनी त्या वेळी नाकावर होती ती फ्रेम घेतली. चष्मेवाल्याला बावीस फ्रेमांत जे जमलं नव्हतं ते एका जांभईत झालं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याचा त्याला रागही आला. अधूनमधून तो डबी उघडून फडक्याखालचा तुकडा जागेवर आहे ना बघायचा, आणि दर वेळी काउंटरखालचा पडलेला कानही उभा व्हायचा.

साडेपाचला दुकान बंद करताना त्याला आठवलं, की घरी कुणीच नाही. या प्राण्याला एकटं सोडलं तर सोफ्याचा दुसरा कोपराही जाईल. तेव्हा पाहुण्याला घेऊनच मंडळात जाणं आलं.

"नियमात बसत नाही," अध्यक्ष दारातच म्हणाले.

"सर, कुत्र्यांबद्दल नियमच नाही आपल्याकडे."

"नियम नाही, म्हणूनच बसत नाही."

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रदबदली केली आणि टेबलाच्या पायाला पट्टा बांधून कुत्र्याला राहू देण्यात आलं. त्याच्या शेजारी एका ठेंगण्या स्टुलावर उरलेल्या तुकड्यांचं खोकं होतं. चष्मेवाल्यानं त्याच्यापुढं चामड्याची एक जुनी वादी टाकली. टेबलाखालून बराच वेळ चघळल्याचा आवाज येत होता. आपलं जनावर किती गुणी आहे, असं चष्मेवाल्याला वाटलं, आणि 'आपलं' हा शब्द मनात कुठून आला म्हणून तो जरा चपापलाही.

काम सुरू झालं. अध्यक्ष, डॉक्टरीणबाई, लिफ्टदुरुस्तीवाला, खालच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आणि चष्मेवाला, असे पाचही जण आकाशावर वाकले. आज सगळे डोळे बारीक करून बघत होते. ग्रंथपालबाई तुकडा हातभर लांब धरून बघत होत्या, लिफ्टवाला तो नाकाला लावत होता. या चौघांचेही जवळचे चष्मे चष्मेवाल्यानंच करून दिलेले. चौघांचे नंबर वाढलेले दिसतात, पुढच्या आठवड्यात दुकानात बोलवायला हवं, असं तो मनाशी म्हणाला. त्याला स्वतःलाही नीट दिसत नव्हतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. डबी उघडली की फडकं निघणार, आणि फडकं निघालं की तुकडा पडणार.

पावणेसातला खोकं रिकामं झालं. अध्यक्षांनी घसा साफ केला. सगळे एक पाऊल मागं सरले आणि चित्राकडे बघू लागले.

आकाशाला सहा भोकं होती.

चष्मेवाल्यानं एक धरलं होतं, अध्यक्षांचं धरून फार तर दोन. त्यानं पुन्हा मोजली. बाकीचेही मोजत होते, ओठ हलवत, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकसारखंच आश्चर्य होतं. खरंखुरं आश्चर्य, कारण जो तो एकाच भोकाची वाट बघत आला होता. पण हे चष्मेवाल्याला तेव्हा कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत स्टुलावरच्या खोक्याकडे गेल्या, आणि तिथून शेजारी बसलेल्या कुत्र्याकडे.

"खाल्ले," अध्यक्ष म्हणाले.

"सहाच्या सहा?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"पाच महिन्यांची मेहनत," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता.

सहापैकी एक कुत्र्यानं खाल्लेला नाही हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं, तो त्याच्या खिशात होता. पण उरलेल्या पाचांचं काय? खाल्लेही असतील. चपला खातो तो पुठ्ठा का सोडेल? आणि पाच खाल्ले असतील तर सहावाही त्याच्याच नावावर गेला म्हणून काय बिघडतं? उद्या तर तो परत जाणारच आहे. माणूस एकदा हिशोब असा मांडायला बसला की तो चुकत नाही, हवा तसाच येतो.

डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसल्या. "आ कर," म्हणाल्या, आणि सवयीच्या हातानं त्यांनी कुत्र्याचा जबडा उघडला. डोळे बारीक करून आत बघितलं, मान इकडून तिकडे केली. "दात चांगले आहेत. बाकी काही दिसत नाही."

"म्हणजे पोटात गेले," अध्यक्ष म्हणाले. "काढायला हवेत."

"मिठाचं पाणी," लिफ्टवाला म्हणाला. "पाजलं की दोन मिनिटांत सगळं बाहेर. आमच्या मामांकडे असंच करायचे."

"अहो, पण..." चष्मेवाला म्हणाला.

"पण काय? कुत्रा पाहुणा आहे ना तुमचा? तुम्हीच म्हणता. उद्या द्यायचाच आहे परत."

ग्रंथपालबाईंनी चहाच्या कपाटातून पुडी काढली, हातभर लांब धरून तिच्यावरचं वाचायचा प्रयत्न केला, ती साखर निघाली, मग दुसरी काढली. भांडंभर पाण्यात मूठभर मीठ पडलं. लिफ्टवाल्यानं कुत्र्याची मान दोन्ही हातांनी पकडली आणि तोंड वर केलं.

कुत्रा गुरगुरला नाही, चावला नाही. त्यानं फक्त डोळे फिरवून चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. हा आपला माणूस इथं आहे म्हणजे ठीकच असणार, एवढंच त्याचं म्हणणं असावं. चष्मेवाल्याला इतकी लाज वाटली, की कान गरम झाले. बायकोला हो म्हणायला त्यानं सहा महिने लावले होते. इथं भांडं ओठांपासून वीतभर होतं.

"सोडा त्याला!" तो ओरडला. "माझा कुत्रा आहे तो! त्यानं काही खाल्लेलं नाही!"

आणि त्यानं खिशातून डबी काढली, उघडली, चष्मा नाकावर चढवला, फडकं झटकलं आणि निळा तुकडा टेबलावर ठेवला.

लिफ्टवाल्याचे हात आपोआप सुटले. मग अध्यक्षांनी शाळेतला आवाज लावला.

"चोर! अकरा वर्षं ज्या ताटात, ज्या टेबलावर... पाच महिने आम्ही आमचे डोळे फोडतोय आणि हा गृहस्थ आकाश खिशात घालून हिंडतोय! राजीनामा. आत्ता. लेखी."

"देतो," चष्मेवाला म्हणाला. त्यानं तुकडा उचलून त्याच्या भोकात बसवला. अकरा वर्षांची इच्छा होती, आणि तो तुकडा समारोपाचा नव्हताच, सहातला पहिला होता. तो नीट बसला.

"आता उरलेले पाच," अध्यक्ष म्हणाले. "पाणी आणा."

पण चष्मेवाल्याच्या नाकावर आता चष्मा होता आणि सबंध संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला दिसलं, की पाच जणांच्या खोलीत चष्मा लावलेला तो एकटाच आहे.

"डॉक्टर," तो सावकाश म्हणाला, "कुत्र्याच्या तोंडात बघताना चष्मा का नाही लावलात?"

"विसरले घरी."

"तुमच्या पर्समधून लाल डबी दिसतेय. मीच दिलीय. बाई, तुम्हाला मीठ वाचता येईना, साखर वाचता येईना. तुमची डबी कुठंय? लिफ्टवाले, तुम्ही मघापासून तुकडे नाकाला लावताय. सर, तुम्ही तर मला मागच्या महिन्यात म्हणालात, चष्म्याशिवाय ताटातलं दिसत नाही." त्यानं हात पुढे केला. "काढा चष्मे सगळ्यांनी. जरा पुसून देतो. फुकट."

चष्मा आधीच नाकावर ठेवून यावं, हे त्या पाच सुशिक्षित डोक्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि तुकडा लपवायला साऱ्या जगात पाचांनाही एकच जागा सापडली होती.

पहिली डबी ग्रंथपालबाईंनी उघडली. "मला एकदा तरी फोटोत यायचं होतं," त्या म्हणाल्या. मग लाल डबी उघडली. मग लिफ्टवाल्याची, जिच्यात तुकड्याबरोबर दोन स्क्रू आणि एक बडीशेपेची गोळीही निघाली. अध्यक्ष मात्र ताठ उभे होते.

"माझा नंबर उतरलाय," ते म्हणाले. "मला चष्मा लागत नाही."

"सर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नंबर उतरत नाही. तुमचा कागद आहे माझ्याकडे."

अध्यक्षांनी डबी उघडली. "हा मी सुरक्षित ठेवला होता," ते म्हणाले. "मंडळाच्या वतीनं."

आता गुपचूप तुकडे बसवून चहा पिऊन सगळ्यांनी घरी जायला हरकत नव्हती. पण आधी कोण बसवणार? जो आधी बसवेल त्याचा समारोप हुकणार. "बाई, तुम्ही घ्या ना आधी," लिफ्टवाला म्हणाला. "छे छे, वडीलधारे आधी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांच्या शेवटी. अध्यक्ष म्हणून ती माझी जबाबदारी आहे," अध्यक्ष म्हणाले. "सात वेळा झाली की जबाबदारी!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. चौघेही चिमटीत आकाशाचा एकेक तुकडा धरून उभे राहिले आणि एकमेकांना आग्रह करू लागले. एवढा विनय त्या खोलीत अकरा वर्षांत कुणी पाहिला नव्हता. राजीनाम्याचं सगळेच विसरले.

चष्मेवाल्यानं पट्टा सोडला, मिठाचं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि कुत्र्याला घेऊन जिना उतरला. सात फोटो भिंतीवर हसत होते. त्यानं एकाकडेही बघितलं नाही. सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर आल्यावर, दिव्याच्या खांबाशी उभं राहून त्यानं निवाऱ्यातल्या बाईंना फोन लावला.

"ठेवतोय," तो म्हणाला.

"अरे वा! थांबा हं, फॉर्म भरून घेते. नाव काय ठेवलंत?"

"पाहुणा."

"पाहुणा? कायमचा?"

"कायमचा," चष्मेवाला म्हणाला, आणि ऊर भरून आला म्हणून कुत्र्याकडे बघायला खाली वाकला.

कुत्र्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली, जबडा सैल सोडला आणि चष्मेवाल्याच्या बुटावर काहीतरी ठेवलं. ओलंचिंब, निळं, दोन कोपरे किंचित चावलेलं.

तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली. "चष्मेवाले!" अध्यक्षांचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला. "बसवले सगळ्यांनी! तरी एक कमी आहे! एक भोक राहिलंय!"

"टेबलाखाली बघा, सर!" चष्मेवाल्यानं वर ओरडून सांगितलं. "पडला असेल!"

खिडकी बंद झाली. वर चार माणसं ओणवी होऊन जमीन चाचपत असणार, आणि आता तरी चष्मे लावून. चष्मेवाल्यानं वाकून तुकडा उचलला, फडक्यानं दोन्ही बाजूंनी नीट पुसला आणि रिकाम्या डबीत ठेवला. पुढच्या गुरुवारी बघू. शोधून शोधून थकतीलच.

"हॅलो? आहात ना?" फोनमधून बाई विचारत होत्या. "शेवटचा एक रकाना राहिलाय. काही वाईट खोड आढळली का?"

"नाही," चष्मेवाला डबी मिटत म्हणाला. "अगदी आमच्यातलाच आहे."